घसारा

ट्रक ड्रायव्हरांच्या गप्पा ज्याने ऐकल्या असतील, त्याला एक गोष्ट ठाऊक असेल. या गप्पांत तरुणपणी सावकाश गेलेला ड्रायव्हर कधीच भेटत नाही.

संध्याकाळी मी बेळगावातल्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत खेपांच्या नोंदी लिहायला बसतो. भाडे, डिझेल, भत्ता, टोल असे रकाने भरता भरता बाहेरच्या बाकावरचे बोलणे कानी पडते. पन्नाशी उलटलेले दोघे तिथे नेहमी असतात. एकाला सारे मामा म्हणतात, दुसऱ्याला अण्णा. मामांनी मराठीत सुरू केलेली गोष्ट अण्णा कानडीत पुरी करतात. पुणे-बंगळूर रस्ता दुपदरी होता तेव्हा समोरून एस.टी. येत असताना गाडी पुढे कशी काढली, पहाटेच्या बाजाराआधी मडगावला भाजी कशी पोचवली, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

एका गोष्टीपाशी मात्र दोघांचा आवाज खाली येतो. डिझेल वाचवण्यासाठी ते अनमोड घाट न्यूट्रलमध्ये उतरत. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर राहत नाही, सारा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही.

"एकदा गाडी ऐकेनाच," मामा सांगतात. "डोंगराच्या अंगाला घासली म्हणून आज इथं बसलोय. क्लीनर एकोणीस वर्षांचा होता. वाचला. नसता वाचला तर त्याच्या आईपुढं कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो?"

"मग तेव्हापासून भीती बसली काय मामा?" मी विचारले.

"भीती नव्हे रे बाळा. ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं. एवढं कळायला वीस वर्षं गेली."

मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून हिशोब करून पाहिला. ३०० किलोमीटरच्या मजलीला ताशी ६० च्या वेगाने ५ तास लागतात, ८० च्या वेगाने पावणेचार. वाचला सव्वा तास. तो पुष्कळदा माल उतरवायच्या रांगेतच जातो. उलट वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना ब्रेकला चौपट काम पडते, आणि डिझेलचे ॲव्हरेज पडते ते वेगळेच. कायदाही कुणाला पळा म्हणत नाही. २०१८ च्या अधिसूचनेने मालवाहू गाड्यांना चौपदरी रस्त्यावर ८० ची आणि इतर रस्त्यांवर ६० ची मर्यादा घातली. २०२१ पासून साधारण मालाच्या ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. मग घाई कुणाची? घाई खेपेवर मिळणाऱ्या पैशाची. महिन्यात जितक्या खेपा, तितकी घरी चूल.

म्हणूनच आमच्या नोंदवहीत मामांचे नाव हल्ली कमी वेळा येते. महिन्याला त्यांच्या दोन खेपा कमी होतात आणि त्या एखाद्या पंचविशीच्या पोराला मिळतात. "मामा आता थकले," एवढेच मालक म्हणतात. गेल्या कित्येक वर्षांत मामांच्या गाडीला ओरखडाही नाही, पण न झालेल्या अपघाताचा रकाना वहीत नाही.

वर्गात आम्हांला घसारा शिकवतात. ट्रक जुना होतो, दरसाल त्याची किंमत कमी धरायची. यंत्राला हा न्याय ठीक आहे. पण ड्रायव्हरवरही आपण तोच घसारा काढतो, आणि तिथे हिशोब चुकतो. मामांची नजर थोडी मंदावली असेल, पण घाट उतरताना कुठे काय होऊ शकते ते त्यांना आधी दिसते. ही किंमत वयाबरोबर वाढलेली आहे.

कानडीत 'निधान' म्हणजे सावकाश. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ ठेवा. अण्णा नव्या पोरांना गाडी सोपवताना "निधान" एवढेच म्हणतात. पोरे हसतात आणि निघून जातात. मामा-अण्णांना मालकांनी खेपांऐवजी पगारावर ठेवले आणि या पोरांना महिनाभर त्यांच्या शेजारी बसवून घाट उतरवले, तर तो खर्च कुठल्या रकान्यात मांडायचा, ते मी खुशीने शोधून काढीन.