डागाची जात

शर्ट काउंटरवर पडला म्हणून मुरलेला कारागीर लगेच साबणाला हात लावत नाही. आधी तो विचारतो: कशाचा डाग? किती दिवसांचा? घरी काय काय लावून पाहिलंत? तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक चाचरतं. पण उत्तर मिळायलाच हवं, कारण कपड्यात ब्लीच राहिलं असेल आणि त्यावर आम्ल पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो.

हळदीचंच घ्या. पिवळा ठिपका साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं, एवढंच. कपडा नीट खळबळला की पिवळा परततो आणि कडक उन्हात फिका होत जातो.

गंजाची तऱ्हा वेगळी. ब्लीचने तो उलट पक्का बसतो. त्याला ऑक्झॅलिक आम्ल लागतं. ते लोहाला धरून पाण्यात उतरवतं. हातमोजे घालायचे, आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग टिकतो का पाहायचं, मग डागाखाली पांढरं फडकं ठेवून कडेकडून मध्याकडे टिपत जायचं. घासलं तर डाग पसरतो. शेवटी भरपूर पाणी; आम्ल धाग्यात राहिलं तर सुती कपडा तिथेच विरतो.

जखमेवरच्या आयोडिनचा तपकिरी डाग त्यामानाने गरीब. डार्करूममधलं हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाण्यात कालवून लावलं की रंगहीन आयोडाइड होतं आणि डाग डोळ्यांदेखत जातो.

यांपैकी एकाही डागाला फेसाचा उपयोग नाही. तरी फेस आला नाही तर कपडा धुतलाच नाही, असं गिऱ्हाइकाला वाटतं. तेही बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरमध्ये! प्रक्रिया न झालेलं सांडपाणी आणि त्यातलं डिटर्जंट यांमुळे इथल्या तलावाचा फेस रस्त्यावर उडत असे. २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला, २०१७ मध्ये तलावात पुन्हा आग लागली, आणि जानेवारी २०१८ च्या आगीला लष्कराचे जवान बोलवावे लागले. इथल्या लाँड्रीत पावडर मोजूनच पडलेली बरी.

काळ्या कुर्त्यावरचा केशरी ठिपका मात्र कुठल्याच बाटलीला दाद देत नाही. ब्लीच उडून कपड्याचाच रंग गेलेला असतो. काढायला तिथे काही नसतंच. गिऱ्हाईक हटून बसलं, की कारागीर कुर्ता उलटा करून आतल्या बाजूलाही तोच ठिपका दाखवतो आणि रंगाऱ्याचं दुकान सुचवतो.