किल्ली समोर ठेवली आहे

डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींत प्रत्येक घराची निदान एक किल्ली त्या घरात नसे. ती समोरच्यांकडे असे, नाहीतर तळमजल्यावरच्या आजींकडे. दाराला कुलूप दिसलं म्हणून पाहुणे परत फिरत नसत, समोरची कडी वाजवत. समोरच्या काकू पदराला हात पुसत बाहेर येत, ‘तुम्ही साताऱ्याच्या आत्या ना?’ एवढी खातरजमा करून घेत, आमचं कुलूप उघडून देत आणि आमच्याच माठातलं पाणी आत्याच्या हातात ठेवत. आत्याला या कारभाराचं नवल वाटे. आपल्या घराची किल्ली परक्याच्या घरात कशी ठेवता, असं ती आईला विचारी. आईचं उत्तर तयार असे. ‘वन्सं, इथे परकं कोण, ते सकाळी साडेसातनंतर ठरतं.’

आईच्या त्या वाक्यात डोंबिवलीची सगळी कथा होती. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ मध्ये पोचली, डोंबिवलीला स्टेशन झालं १८८७ मध्ये, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं हे भातशेतीचं गावच राहिलं. गिरगाव-दादरच्या खोल्यांत संसार मावेनासे झाले, तिथली पागडी झेपेनाशी झाली, तेव्हा मध्यमवर्ग इथे ‘ओनरशिप’चा ब्लॉक घ्यायला आला. घर झालं, नोकरी मात्र तिकडेच राहिली. मधे ४८ किलोमीटर. माझे वडील मंत्रालयात, आई टेलिफोन खात्यात. सकाळी गेलेली माणसं दिवेलागणीनंतर उगवत. मधल्या वेळात टिळकनगरातली आमची तीन मजली इमारत मागे राहणाऱ्यांच्या ताब्यात असे. मागे राहणारे म्हणजे आज्या, नोकरी न करणाऱ्या काकू आणि शाळा सुटून आलेली मुलं. आमच्याकडे शेजारधर्म संस्कारांतून आला असेल-नसेल, रेल्वेच्या वेळापत्रकातून नक्की आला.

समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून खिळ्यांची रांग होती. आमच्या किल्लीला लाल लोकर, वरच्या मजल्यावरच्यांच्या किल्लीला सेफ्टी पिन, टोकाच्या ब्लॉकमधल्या गुरुजींच्या किल्लीला बुटाची नाडी. नावाची चिठ्ठी एकीलाही नाही. चोर आलाच तर त्याला आयतं काही कळायला नको, हे काकूंचं धोरण. शाळेतून आलं की लोकरवाली किल्ली काढायची, दप्तर टाकायचं, कपडे बदलायचे आणि किल्ली परत खिळ्याला. ती खिशात घालून खेळायला जायची परवानगी नव्हती. गॅसचं पुस्तक आणि पैसे कुठे ठेवलेत, ते काकूंना ठाऊक. सकाळच्या घाईत कोणाचा नळ उघडा राहिलाच, तर दुपारी पाणी आल्यावर ते जिन्यात वाहायच्या आत काकू तिथे हजर. मे महिन्यात बिऱ्हाडं कोकणात गेली की त्यांच्या तुळशीही काकूंच्याच गळ्यात.

किल्ली ठेवून घेणाऱ्याला घर आतून माहीत असे आणि ते माहीत नसल्यासारखं वागावं लागे. कोणाच्या डब्यातली साखर वीस तारखेलाच संपते, कोणाच्या कपाटावर औषधाच्या बाटल्या वाढल्या आहेत, कोणाचा मुलगा प्रगतिपुस्तक गादीखाली ठेवतो, हे सगळं काकू बघत आणि त्यातलं अक्षरही बाहेर काढत नसत. बाकी विषयांवर त्या भरपूर बोलत.

एका उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालण्यावरून आईचं आणि त्यांचं बिनसलं. अबोला दिवाळीपर्यंत चालला. पण किल्ली परत मागायची आईची छाती झाली नाही आणि परत करायची काकूंची. तसं झालं असतं तर भांडण खरं ठरलं असतं. ‘काकूंना सांग, आज सिलिंडर येईल,’ असं आई मला मोठ्याने सांगे, तेव्हा काकू दोन हातांवर उभ्या असत. आणि सिलिंडर वेळेवर घरात येई.

पुढे लोकल पकडणारा मी झालो, माझी बायकोही झाली, आणि लाल लोकरीची किल्ली आमची मुलगी काढू लागली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल होत्या तिथे थांबल्या. मी फोर्टात अडकलो, बायको दादरला, आईवडील त्या वेळी भावाकडे पुण्याला. मोबाइल लागत नव्हते. रात्री बऱ्याच उशिरा ऑफिसच्या फोनवरून समोरच्यांचा फोन लागला, तेव्हा काकूंच्या सुनेने बिल्डिंगचा अहवालच दिला. कोण पोचलं, कोण अजून वाटेत आहे, कोणाची मुलं कोणाकडे जेवली. आमची मुलगी आमच्याच घरात, तिच्या गादीवर झोपली होती आणि सोबतीला काकू जाऊन निजल्या होत्या. ‘तिला स्वतःची उशी लागते ना,’ सूनबाई म्हणाली.

मग दारं बदलत गेली. कडीकुलूप जाऊन लॅच आलं, त्याच्यापुढे जाळीचं सेफ्टी डोअर. लॅचच्या दिवसांत शेजारची किल्ली उलट जास्तच लागे. वाऱ्याने दार ओढलं जायचं. आत गॅसवर दूध, बाहेर हातात कचऱ्याचा डबा घेतलेला माणूस. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या जागांत पांगलेली कुटुंबं परतली ती सात मजल्यांत, लिफ्ट आणि सीसीटीव्हीसह. काकूंच्या घरच्यांनी मात्र जागा विकली आणि ते मुलुंडला गेले. गॅस पाइपने येऊ लागला, पार्सलं गेटवर राहू लागली, काही दारांवर किल्लीच न लागणारी आकड्यांची कुलपं आली. २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि दिवसा ओस पडणाऱ्या इमारती दिवसाही भरलेल्या राहिल्या. कोणाची किल्ली कोणाला लागेना. नंतरही कित्येकांची कामं घरूनच चालू राहिली.

याचं मला फारसं दुःख झालं नाही. जुन्या शेजाराचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. काकूंचा चांगुलपणा अस्सल होता, पण त्याला कामाला लावलं होतं ते आमच्या गैरहजेरीने. शिवाय साऱ्या मजल्याचा भार एका बाईने फुकट वाहिला आणि त्यांना स्वतःला कुठे जायचं होतं का, हे आमच्यापैकी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. गरजेतून आलेली रीत गरजेबरोबर गेली, असा हिशोब मी मांडून ठेवला होता.

तो हिशोब आता जुळत नाही. किल्ल्या पुन्हा फिरू लागल्या आहेत, फक्त उलट्या दिशेने. आमच्या मजल्यावर चारांपैकी तीन घरांत साठीपुढची माणसं आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, एक टोरांटोला. पूर्वी बाहेर जाणारा मागे राहणाऱ्याला किल्ली देई, आता मागे राहणारा बाहेर जाणाऱ्याला देतो. तेव्हा किल्ली लागे ती आत कोणी नसताना दार उघडायला. आता लागते ती आत कोणी असताना. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ पहाटे न्हाणीघरात पडले, तेव्हा त्यांची किल्ली शेजारी होती, लॅच उघडलंही, पण आतून कडी घातलेली. सुतार बोलावून दार फोडेपर्यंत सगळी इमारत जिन्यात उभी होती. आतून त्यांचा आवाज येत होता म्हणून धीर धरता आला.

बायको सध्या मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली आहे. मी स्टेशनबाहेरच्या किल्लीवाल्याकडून जादा किल्ली करून घेतली आणि चौथ्या ब्लॉकमधल्या भाडेकरूंना द्यायला गेलो. नांदेडकडचं तरुण जोडपं, दोघंही ऐरोलीला नोकरीला. दार तिने उघडलं. किल्ली बघून म्हणाली, ‘काका, गावाला निघालात का?’

‘नाही गं, घरीच आहे.’

तिने किल्ली हातात घेतली, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मग रात्री आतली कडी लावत जाऊ नका.’