तारण म्हणजे सौदा नव्हे

‘तारण’ हा शब्द मराठींत दोन घरीं नांदतो. सावकाराच्या वहींत तो कर्जासाठीं ठेवलेल्या जिनसेचा वाचक आहे. मराठी बायबलांत पापमुक्तीचा. पुष्कळ सुशिक्षितांच्या मनांत मात्र हे दोन्ही अर्थ मिसळलेले दिसतात : श्रद्धा गहाण टाकावी, स्वर्ग पदरांत पाडून घ्यावा आणि मग यथेच्छ पाप करण्यास मोकळें व्हावें! हा आक्षेप नवा नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत खुद्द पौलानेंच तो उपस्थित करून खोडून काढला आहे. त्याच्या मतें कृपा हें दान आहे, मोबदला नव्हे. १५१७ पासून ज्या वादानें युरोप दुभंगला, त्यावर १९९९ सालीं ऑग्सबुर्ग येथें ल्यूथरपंथी व कॅथॉलिक यांनीं संयुक्त जाहीरनामा केला, त्याचेंही सार हेंच कीं सत्कर्म हें कृपेचें मोल नसून फळ आहे.

१८९५ सालीं ना. वा. टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या वांट्यास पत्नी-पुत्रांचा काहीं वर्षांचा वियोग आला. सौदाच म्हणावा, तर हा बुडीत सौदा!

मी हिंदु आहें. ख्रिस्तावांचून तरणोपाय नाहीं, हें मत मला मान्य नाहीं. परंतु जें नाकारावयाचें, तें त्याच्या खऱ्या स्वरूपांत तरी जाणून घ्यावें. नाहीं तर आपण खंडन करतों तें केवळ आपल्याच कल्पनेचें.