बाई उत्तर सांगत नाहीत

शाळेच्या ग्रंथपालाचे काम कोणते, असे कोणाही पालकाला विचारून पाहा. ‘पुस्तके सांभाळणे’ असे उत्तर यायचे. ते अगदीच खोटे आहे असेही नाही. आमच्या लहानपणी शाळेत ग्रंथालय म्हणजे एक कपाट होते. जाळीच्या दारातून पुस्तकांच्या पाठी तेवढ्या दिसत. किल्ली ज्या मास्तरांच्या खिशात असे, ते मनाने चांगले होते. पण हरवलेल्या पुस्तकाची किंमत आपल्या पगारातून कापली जाईल, ही धास्ती त्यांनी घेतलेली. पुस्तक हरवू नये याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ते कोणालाच न देणे. मी त्या शाळेत होतो तेवढ्या वर्षांत एकही पुस्तक हरवल्याचे ऐकिवात नाही.

डॉ. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतल्या पहिल्याच नियमाचा रोख या कुलपांवर आहे. हे गृहस्थ मूळचे गणिताचे प्राध्यापक; १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वाचकाचा वेळ वाचवावा, हाही त्यांचाच एक नियम. आमच्या कन्येच्या शाळेतल्या लायब्ररीच्या बाई पहिला नियम काटेकोर पाळतात आणि हा वेळेचा नियम दर शनिवारी न चुकता मोडतात.

बाई खऱ्या माध्यमिकच्या. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचे पद आपल्याकडे बहुधा नसतेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके हवीत, असे म्हटले आहे. पुस्तके येतातही, ती मुलांच्या हाती कोणी द्यायची हा प्रश्न उरतो. तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाई आपण होऊन तासभर खोली उघडी ठेवतात आणि तिसरी-चौथीची पोरे आत घेतात. मुलीला न्यायला गेलेला बाप म्हणून मला तिथल्या बाकावर बसायला मिळते. दोन वर्षे मी हा तमाशा फुकट पाहतो आहे.

एक मुलगा दर शनिवारी सापांचे एकच पुस्तक नेई. आणून दिले की पुन्हा तेच. त्याच्या आजीने एकदा बाईंना गाठून तक्रार केली, “अहो बाई, याला काहीतरी संस्काराचं द्या की!” बाई म्हणाल्या, “नेऊ द्या हो आजी, अजून त्याचं संपलं नाही.” मला वाटले, चित्रे पाहत असेल. मग नागपंचमीच्या सुमारास तो गंभीर चेहऱ्याने आला आणि म्हणाला, “बाई, साप दूध पीत नाही असं यात लिहिलंय. आजी म्हणते पितो.” दुसरी एखादी बाई असती तर दोन वाक्यांत निकाल देती. या म्हणाल्या, “आजी कुठे वाचलं ते सांगते का? आणि यांनी कशावरून लिहिलं ते पुस्तकात आहे का, बघ बरं.” पोरगा पुन्हा पुस्तकात बुडाला. त्या घरी त्या वर्षी पंचमी कशी पार पडली ते मला ठाऊक नाही.

पुढे तो पक्ष्यांकडे वळला, आणि त्यात बाईंची एक लबाडी होती. अमेरिकेतल्या मेल्विल ड्यूईने १८७६ साली काढलेल्या दशांश पद्धतीत पुस्तके विषयाच्या शेजाराने लागतात. सरपटणारे प्राणी ५९७ च्या अखेरीस आणि पक्षी ५९८ ला. म्हणजे सापाचे पुस्तक जागेवर ठेवायला गेलेला हात पक्ष्यांवर जाऊन आपटणारच! बाई पोरांना आकडे समजावत बसत नाहीत. “काढलंस तिथेच ठेव” एवढेच सांगतात. बाकीचे काम शेजार करतो.

पण मी बाईंचा खरा भक्त झालो तो कन्येच्या प्रकल्पापायी. चौथीला शिवचरित्र असते, हे आपण सारे जाणतोच. प्रकल्प म्हटला की हल्ली बाप मोबाईलवरून मजकूर काढतो, आई चित्रे चिकटवते आणि मूल शेजारी बसून बिस्किटे खाते. बाईंच्या खोलीत मात्र नियम असा की कोणतीही गोष्ट दोन पुस्तकांत पाहायची, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहायची, आणि खाली पुस्तकाचे नाव, लेखक व छापल्याचे साल टाकायचे. (आमच्या एम.ए.च्या वर्गात हे तिन्ही नियम पाळणारा विद्यार्थी भेटला की मी घरी येऊन सांगतो.)

पहिल्याच पानावर घोटाळा झाला. कोणीतरी देणगी दिलेल्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकात महाराजांचा जन्म १६२७ साली, वैशाखात. नव्या पुस्तकात १९ फेब्रुवारी १६३०, म्हणजे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. कन्या धावत गेली. “बाई, खरं कुठलं?”

“मला काय विचारतेस? तुझ्याकडे दोन आहेत.”

“नवं खरं.”

“नवं म्हणून?”

कन्या गप्प. मग तिने शके १५५१ मध्ये ७८ मिळवून पाहिले. हे गणित मीच तिला शिकवलेले. आले १६२९! आता तिसरेच साल उपटले. माझ्या जिभेवर उत्तर आले होते. बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने वर्तमानपत्र उघडले. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, “फाल्गुन कुठे येतो बघ. आणि शकाचं वर्ष कुठे बदलतं ते बघ.” सबंध तास त्या कॅलेंडरात गेला. शेवटी ओरडली, “जानेवारीत इंग्रजी वर्ष पुढे जातं आणि आपलं मागेच राहतं, पाडव्यापर्यंत! म्हणून फाल्गुनात एकोणऐंशी!” गणिताच्या पेपरात मिळाले असते त्याहून जास्त तिला त्या दिवशी मिळाले असे मी तरी मानतो.

पुढच्या शनिवारी दोन साले का, याचा शोध. बाईंनी तिसरे पुस्तक काढून दिले, पान सांगितले नाही. त्यात निघाले की १६२७ हे साल पुष्कळ नंतरच्या बखरींतले. ग्रँट डफनेही १८२६ च्या आपल्या इतिहासात तेच घेतले. आणि महाराजांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या जेधे घराण्याच्या शकावलीत शके १५५१ आहे. ती लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ साली मान्य केली. पंच्याऐंशी वर्षांनी! कन्येने वहीत लिहिले: ‘जेधे जवळ होते, बखरवाले लांब होते.’ इतिहास-संशोधनाच्या पद्धतीवर याहून आखूड वाक्य मी वाचलेले नाही.

घरी मात्र आमच्या सौभाग्यवतींना हा दोन शनिवारांचा खर्च पटला नाही. “मोबाईलवर पाच सेकंदांत आलं असतं. तक्त्यात चौकट एकच आहे, त्यात एकच तारीख लिहायची आहे.” यात तथ्य नाही असे कसे म्हणू? चौकट एकच होती. कन्येने तीत १६३० लिहिले आणि मागच्या बाजूला पानभर कारणे लिहिली. मागची बाजू तपासली गेली नाही. पोरगी जरा हिरमुसली. सौ.ने ते पान मात्र काढून घेऊन पोथ्यांच्या कपाटात ठेवले आहे. मी ते पाहिले, हे तिला माहीत नाही.

बाई येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. त्यांची जागा भरली जाणार नाही, खोलीत संगणकाची टेबले येणार, पुस्तके ‘व्यवस्थित’ कपाटांत जाणार, अशी कुणकुण आहे. टेबलांना माझा विरोध नाही. ‘व्यवस्थित’ या शब्दाची मात्र मला जुनी ओळख आहे. आम्ही काही पालकांनी संस्थेला पत्र द्यायचे ठरवले. मराठीचा प्राध्यापक म्हणून मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. मी चार पाने खरडली: वाचनसंस्कृती, उद्याची पिढी, वगैरे. बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून सगळे वाचले.

“छान आहे हो सर. पण एवढं कोण वाचणार? एकच विचारा. जूनपासून शनिवारी खोली कोण उघडणार?”

पत्र त्या एका ओळीचे गेले. खाली एकेचाळीस सह्या आहेत. पहिली आमच्या सौ.ची, आणि सर्वांत शेवटी, थरथरत्या अक्षरात, सापवाल्या मुलाच्या आजीची. उत्तर अजून आलेले नाही. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या शनिवारी कन्येला अफझलखानाच्या भेटीची तारीख दोन पुस्तकांत ताडून पाहायची आहे.