एकच पद, दोन गळे आणि ऑर्गनची पट्टी

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून पाश्चात्त्य संगीताचे रसिक हिरिरीने भांडतात. फुर्टव्हेंग्लर थोर, की १९७४ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून ती वाजवून घेणारा कार्लोस क्लायबर? त्यांचं एका अर्थी सोपं आहे. स्वर कागदावर ठरलेले असतात, म्हणून उरलेला सगळा फरक वाजवून घेणाऱ्याच्या नावावर टाकता येतो. आपल्याकडे दोघांचा यमन तुलनेला घेतला तर बंदिश वेगळी, लय वेगळी, आणि खुद्द गवईही काल गायला तसा आज गात नाही. 'कट्यार काळजात घुसली'ने मात्र तुलनेची चांगली सोय करून ठेवली आहे. डिसेंबर १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकातलं 'घेई छंद मकरंद' हे पद दोन चालींत आहे. शब्द नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि दोन्ही चाली जितेंद्र अभिषेकींच्याच. प्रसाद सावकार ते धानीत गातात आणि वसंतराव देशपांडे सालगवराळीत. कवी, संगीतकार, नाटक सगळं तेच. बदलतात फक्त राग आणि गळा.

बहुतेकांचा निकाल ऐकण्याआधीच लागलेला असतो: वसंतराव. आमच्या भंडारा जिल्ह्यात तर तो जरा अभिमानानेच लावला जातो, कारण मूर्तिजापुरात जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव आपल्या वऱ्हाड-नागपूरचे. मला हा निकाल घाईचा वाटतो. ऑर्गनवर साथ करणाऱ्याचा कान थोडा वेगळ्या ठिकाणी असतो. गळा किती तयार आहे हे त्याला कळतंच, पण त्याआधी बोटाखालच्या पट्टीशी तो गळा कुठे जुळतो आणि कुठे तिला सोडून जातो, हे त्याला ऐकावं लागतं.

दोन्ही राग समोर मांडून पाहा. षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद दोन्हीकडे आहेत. धानीत त्यांच्या जोडीला मध्यम येतो. सालगवराळीत मध्यम नाही. तिथे कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत येतात. म्हणजे अभिषेकींनी सांगाडा बराचसा तोच ठेवला आणि मोजक्या स्वरांच्या अदलाबदलीने पदाचा स्वभाव पालटून टाकला. खरी गंमत गंधारात आहे. ऑर्गनची कोमल गंधाराची पट्टी षड्जापासून ३०० सेंटवर (सेंट हे स्वरांतराचं माप) पक्की बसवलेली असते. ६:५ या गुणोत्तराने येणारा कोमल गंधार साधारण ३१६ सेंटवर पडतो, आणि सालगवराळीतला तोडी अंगाचा गंधार पट्टीच्याही खाली उतरतो. धानीच्या साथीत हा फरक खपून जातो, कारण तिथे गंधारावरून मध्यमाकडे आणि पंचमाकडे सरळ वाट आहे. सालगवराळीत रिषभ आणि गंधार यांच्यामधली मींड हाच रागाचा जीव, आणि ती मींड दोन पट्ट्यांच्या फटीत राहते. तिथे ऑर्गनने पट्टी दाबली की राग मेला. षड्ज-पंचम धरून गप्प बसणं हीच खरी साथ. वसंतराव त्या फटीत निर्धास्त वावरतात. शब्द हाती धरतात, बोलांनी मोडतात आणि त्याच झेपेत तानेवर जातात. दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक गायकीचा संस्कार इथे लपत नाही. सावकार याच्या उलट वागतात. चाल ते शब्दाच्या मागे ठेवतात. 'छंद' आणि 'मकरंद' या दोन्ही शब्दांत 'द'च्या आधी असलेला अनुस्वार त्यांच्याकडे स्वच्छ वाजतो, आणि हरकत घेतली तरी ओळ कुठे आहे हे विसरायला होत नाही.

यावर कुणी म्हणेल, राग बदलला म्हणजे पदच बदललं, मग तुलना कसली? हा आक्षेप वजनदार आहे. पण नाटकाचा सगळा डावच मुळी एकच वस्तू दोन घराण्यांच्या हाती दिली तर काय होतं, यावर उभा आहे. अभिषेकींनी दोन चाली हौसेखातर बांधलेल्या नाहीत. दुसरा आक्षेप असा की मुद्रिका म्हणजे मैफल नव्हे, प्रयोगात वसंतराव दर वेळी निराळे गात. खरं आहे. पण मुद्रणाच्या मोजक्या मिनिटांत गवयाला निवड करावी लागते, आणि त्या निवडीत तो पदाकडे कसा बघतो हे मैफलीपेक्षा जास्त उघडं पडतं. तिसरा आक्षेप सगळ्यांत सोपा: वसंतरावांची झेप सावकारांत नाही. नाहीच. पण शिकणाऱ्याच्या हाती झेप देता येत नाही. त्याच्या हाती लागते ती फक्त तिची नक्कल, आणि त्या नकलेत गंधार नेमका पट्टीवर येऊन बसतो. मग सालगवराळी न राहता नुसती घाई उरते.

साकोली-लाखांदूरकडे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकात नाट्यपद अजून गाजतं, वन्स मोअर मिळतो. कर्ण्यांतून मैदानभर जाणाऱ्या आवाजात मींडेची बारकाई विरते आणि शब्द तेवढा पोचतो. ऑक्टोपॅडच्या दणक्यात तर अधिकच. या रंगमंचावर गाणाऱ्याने आधी सावकारांची मुद्रिका पाठ करावी. ओळ, श्वास आणि शब्द हातात आल्यावर वसंतरावांकडे वळावं, आणि तेही ऑर्गन बंद ठेवून, तंबोऱ्यावर. गायकी म्हणून वसंतरावांची मुद्रिका मोठी; नाट्यपद म्हणून मी सावकारांची वर ठेवतो.