कप्तानाची खुर्ची

अवकाशयान कसे उडते हे मला कळत नाही, आणि खरे सांगावयाचे तर कळून घेण्याची हौसही नाही. अवकाशपट पाहताना माझे लक्ष एकाच गोष्टीकडे असते. यान जिथून हाकतात ती खोली कशी आहे? खुर्च्या किती, दिवे कोणत्या रंगाचे, आणि मुख्य म्हणजे कप्तान बसतो कुठे? आमच्या सौ. म्हणतात, "लग्नाला गेलात तर वधूवर सोडून मांडवाचे खांब मोजाल तुम्ही!" मोजीनही.

या वेडाचे मूळ दूरदर्शनवर आहे. १९८०च्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागे. नागपूरला अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये शेजाऱ्यांकडे कृष्णधवल सेट होता, आणि त्यापुढे सतरंजीवर आम्ही दहाबारा पोरे. मालिका मुळातली १९६६ सालची. तिच्यातली ती गोल खोली मॅट जेफ्रीज या कलादिग्दर्शकाने आखली. मध्यभागी कप्तानाची खुर्ची, भोवती आपापल्या कामाला जुंपलेली मंडळी, समोर भला मोठा पडदा. कप्तानाने नुसती खुर्ची फिरवली की हव्या त्या माणसाशी बोलता येई. त्या खोलीचे आपोआप सरकणारे दरवाजे म्हणे कामगार मागे उभे राहून हाताने ओढीत! हे पुष्कळ वर्षांनी वाचले, आणि माझे प्रेम कमी न होता उलट वाढले.

पण मला त्या खोलीचे इतके अप्रूप का, याचे कारण घरातच होते. बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर. एकदा त्यांचा डबा पोचवायला गेलो आणि कंट्रोलची खोली दारातून पाहिली. कानाला फोन लावून बाबा बसले होते. पुढ्यात भला लांब कागद. त्यावर आडवी वेळ, उभी स्टेशने. काटोल, नरखेड, पांढुर्णा, आमला अशी एकेक स्टेशने बोलत होती आणि बाबा पेन्सिलीने रेषा ओढत होते. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेषा. गाडी जितकी वेगात तितकी रेषा उभट. गाडी थांबली की रेषा आडवी. कुठल्या मालगाडीला लूपवर घालायचे आणि कुठल्या एक्स्प्रेसला पुढे काढायचे, हे ते त्या रेषांवरून ठरवीत. खिडकीतून एकही गाडी दिसत नव्हती! आणि रिलीव्हर येऊन त्याने चार्ज घेईपर्यंत त्या खुर्चीवरून उठण्याची मुभा नव्हती. डबा तसाच गार झाला.

पुढे मी बऱ्याच खोल्या पाहिल्या. '२००१: ए स्पेस ओडिसी' या १९६८च्या चित्रपटासाठी ३८ फूट व्यासाचे फिरते चक्र बांधले होते; नट आत धावे आणि चक्र फिरे. थक्क व्हावे असेच ते. पण सारे इतके स्वच्छ की चहाचा कप ठेवायलाही भीती वाटावी. १९८७च्या नव्या 'स्टार ट्रेक'मध्ये गालिचा घातला आणि खोलीचे हॉटेल झाले. मला आवडते ती १९७९च्या 'एलियन'मधली. तिच्या सजावटीला विमानांचे भंगार वापरले होते. कोंदट, अडगळीची, कामाने मळलेली. गार्डाच्या डब्याची आठवण यावी अशी.

सर्वांत शेवटी पाहिली ती आपल्या नागपूरच्या आरती कडव यांच्या 'कार्गो'मधली. सप्टेंबर २०२० मध्ये तो चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. यानाचे नाव पुष्पक ६३४ए. आणि माल म्हणजे मेलेली माणसे! विक्रांत मॅसीचा प्रहस्त वर्षानुवर्षे त्यात एकटा राहून त्यांना पुढल्या जन्मी पाठवतो. जमिनीवरचा साहेब जुनाट पडद्यावरून सूचना देतो. ते आपले नंदू माधव. यंत्रेही सरकारी कचेरीत शोभतील अशी.

तेव्हा बाबांचे वय चौऱ्याऐंशी. विसरू लागले होते. मार्चमध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, तेव्हा ते आरामखुर्चीत बसून तासन्‌तास खिडकीकडे कान लावीत. अधूनमधून मालगाडीची शिटी ऐकू येई. "जी.टी. कुठवर आली रे?" ते विचारीत. बंद आहे म्हटले की घाबरत: "म्हणजे साऱ्या रेषा आडव्या? अपघात झाला काय?" शेवटी मी खोटे बोलू लागलो. "काटोल सोडले, बाबा." मग त्यांना झोप लागे.

'कार्गो' आम्ही एकत्र पाहिला. त्यात माणसाला एका खुर्चीत बसवून त्याच्या आठवणी पुसतात. ते दृश्य आले तशी मी बंद करायला उठलो. बाबा मात्र टक लावून प्रहस्ताकडे पाहत होते.

"एकटाच आहे रे हा," ते म्हणाले. "रिलीव्हर नाही आला वाटते याचा."

थोड्या वेळाने काठीचा आधार घेत ते स्वतःहून उठले. मला म्हणाले, "बस इथे. चार्ज घे. जी.टी. नरखेडला उभी आहे. तिला आधी काढ."

मी बसलो. सौ. त्यांना आत घेऊन गेली. चित्रपट केव्हाच संपला होता; मी मात्र बऱ्याच रात्रीपर्यंत त्या खुर्चीवरून हललो नाही.