कोशिएनची काळी माती

ओसाका आणि कोबे या दोन शहरांच्या दरम्यान, निशिनोमिया येथे, कोशिएनचे विख्यात बेसबॉल मैदान आहे. मोत्यांच्या व्यापारामुळे कोबे हे नाव भारतीय व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. तेथून हान्शिन रेल्वेने मैदानापर्यंत सहज पोहोचता येते. १९२४ साली उभारलेल्या या वास्तूच्या बाहेरील भिंतींवर वेली चढलेल्या आहेत आणि आतील माती काळी आहे.

ऑगस्टमध्ये येथे जपानमधील उच्च माध्यमिक शाळांची स्पर्धा भरते. साधारणतः ४९ संघ येतात. एकदा हरलेला संघ बाद होतो. म्हणजे ४८ संघ पराभव घेऊनच घरी परततात. प्रेक्षागारात कॅमेरा घेऊन बसलेल्या पालकालाही म्हणूनच दुसऱ्या संधीची खात्री नसते.

गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात सुमारे १८.४ मीटर अंतर असते. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू ते अर्ध्या सेकंदात कापतो. शटर १/२५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात चेंडू १४ सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात केवळ पांढरी रेघ उमटते. १/२००० सेकंदात तो दोन सेंटिमीटरही सरकत नाही. शिवणीसुद्धा दिसू शकते. मात्र चेंडू दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला उशीरच होतो. जाणकार छायाचित्रकार गोलंदाजाच्या हाताची लय आधी ओळखून घेतो.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा चेहरा पहिल्या बेसच्या बाजूने दिसतो. तिसऱ्या बेसवरून घराकडे झेपावणारा धावपटूही तेथूनच समोर येतो. धावपटूमागे कॅमेरा फिरवत बसण्यापेक्षा तो जेथे पोहोचणार, त्या जागेवर आधीच फोकस साधून थांबणे हिताचे. भर दुपारी टोपीची सावली डोळ्यांवर पडते. तेव्हा उजेडाचे माप मैदानावरून न घेता चेहऱ्यावरून घ्यावे लागते.

सामना संपल्याचा भोंगा वाजतो, दोन्ही संघ वाकून परस्परांना नमस्कार करतात, विजेत्या शाळेचे गीत होते. अनेक कॅमेरे तेव्हाच पिशवीत जातात. पराभूत संघातील मुले मात्र गुडघे टेकून मैदानाची काळी माती ओंजळीने पिशवीत भरू लागतात. आता वेगवान शटरची गरज उरलेली नसते. जो पालक अजून जागेवर बसून आहे, त्यालाच आपल्या मुलाचे ते चित्र मिळते.